किती झाली?

खुनाच्या खटल्याचा निकाल लागला की कोर्टाच्या आवारात पहिला प्रश्न येतो, “किती झाली?” आरोपीकडचे लोक हेच विचारतात आणि मयताकडचेही हेच. धाराशिव असो, उमरगा असो की भूम, शिक्षेचे माप आपल्याकडे वर्षांत मोजले जाते. उत्तर ऐकून एक बाजू म्हणते फार झाली, दुसरी म्हणते कमी झाली. दोघांपैकी कुणालाही तो आकडा कुठून आला हे सहसा कळत नाही. निकालपत्रे वाचण्याचा नाद लागल्यापासून मला असे वाटू लागले आहे की न्याय्य शिक्षेचा खरा प्रश्न आकड्याचा नसून त्यामागच्या कारणांचा आहे, आणि नेमकी तीच आपल्या निकालपत्रांत सर्वांत तोकडी असतात.

दोन शेतांवरून सुरुवात करतो.

पहिले शेत हैदराबाद राज्यातले. आपला उस्मानाबाद जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. 7 डिसेंबर 1950 च्या दुपारी तीनच्या सुमारास एक शेतकरी आपली मेहुणी आणि गडी यांना घेऊन रानात गेला. मेहुणी मिरच्या तोडायला लागली, तो फर्लांगभर अंतरावरच्या दुसऱ्या शेताकडे गेला. तिथे पाच जणांनी कुऱ्हाडी आणि काठ्यांनी त्याला मारले. सत्र न्यायालयाने पाचही जणांना खुनासाठी दोषी धरले. तिघांना फाशी, दोघांना जन्मठेप. हैदराबाद उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते फुटली. एकाला तर सगळेच सुटावेत असे वाटत होते. तिसऱ्या न्यायाधीशांनी फाशी कायम केली. प्रकरण दिल्लीला गेले आणि 3 डिसेंबर 1954 रोजी न्या. व्हिव्हियन बोस यांनी जो निकाल लिहिला, तो ‘पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य’ या नावाने कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी आजही वाचतो.

निकालाचा गाभा सोपा आहे. पाच जण एकाच वेळी एकाच माणसावर तुटून पडले, म्हणजे पाचांचा बेत एकच होता असे आपोआप ठरत नाही. सगळ्यांची मने आधी एकत्र आली होती, हे पुराव्याने दिसले पाहिजे. ते दिसले नाही, म्हणून ज्याने त्याने आपापल्या घावापुरते उत्तर द्यायचे. पांडुरंगाची फाशी जाऊन घातक शस्त्राने गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. उरलेल्या दोन अपीलकर्त्यांचा खुनाचा दोष कायम राहिला; पण उच्च न्यायालयातच एकमत नव्हते, म्हणून त्यांची फाशी जन्मठेपेवर आली.

मृत्यू एकच आणि घटकाही एकच, तरी शिक्षा वेगवेगळ्या. मयताच्या घरच्यांना हे कसे वाटले असेल याची कल्पना करता येते. तरीही मला हा निकाल बरोबर वाटतो, कारण जमावाच्या नावाने एखाद्याला फासावर चढवणे त्याने नाकारले. शिवाय तो काळ लक्षात घ्यायला हवा. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, फाशीच्या गुन्ह्यात फाशी दिली नाही तर ती का दिली नाही याची कारणे न्यायाधीशाला लिहावी लागत. ही अट 1955 च्या दुरुस्तीने गेली. 1973 च्या संहितेने गाडी उलट्या दिशेला वळवली: आता फाशी द्यायची तर खास कारणे लिहायची. 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात ‘दुर्मिळातले दुर्मिळ’ हे माप आले आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारालाही पाहायचे असे ठरले.

दुसरे शेत मराठवाड्यातलेच, साठ वर्षांनंतरचे. फेब्रुवारी 2010, रात्री दहाची वेळ. नवरा-बायको पिकाची राखण करत होते. वाटेने तिघे निघाले होते, त्यांच्यावर शेतातले कुत्रे भुंकले. एकाने हातातला लोखंडी पाइप कुत्र्याला मारला. शेतकऱ्याने हटकले, शिवीगाळ झाली, झटापट झाली आणि तोच पाइप त्याच्या डोक्यात बसला. त्यातच तो गेला. सत्र न्यायालयाने खून धरून जन्मठेप दिली, औरंगाबाद खंडपीठाने ती कायम ठेवली. ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात, मे 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने खुनाचा दोष काढून सदोष मनुष्यवधाचा ठेवला. आधीचे वैर नाही, बेत नाही, भांडण अचानक उफाळलेले, घाव एकच. मारण्याचा हेतू नव्हता. पण डोक्यात पाइप घातला तर माणूस मरू शकतो, ही जाणीव होती. शिक्षा: पाच वर्षे.

हेतू, जाणीव आणि हयगय अशी कायद्याची ही उतरंड आहे. मरण पावलेल्या माणसाची किंमत तीत कमी-जास्त होत नाही. मोजले जाते ते मारणाऱ्याचे मन. कोणत्या पायरीवर कोण उभा आहे, हे आपली न्यायालये बारकाईने तपासतात. पण पायरी ठरल्यावर वर्षे किती, हा दुसरा प्रश्न उरतो. जाणीवपूर्वक सदोष मनुष्यवधाला दंड संहितेत ‘दहा वर्षांपर्यंत’ एवढेच लिहिले होते, किमान काहीच नाही. मग पाचच का? तीन का नाहीत, आठ का नाहीत? मलिमठ समितीने 2003 मध्ये शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्यासाठी वैधानिक समिती सुचवली होती. इंग्लंडमध्ये अशी तत्त्वे छापलेली आहेत. न्यायाधीश तिथे आरंभबिंदू घेतो आणि कारणे देत वर-खाली सरकतो. आपल्याकडे हे काम न्यायाधीशाच्या अनुभवावर सोडलेले आहे, आणि अनुभव माणसागणिक बदलतो.

शिक्षेबद्दल आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकून घ्यायचे, ही तरतूदही 1973 चीच. ती कशी उरकली जाते हे पाहायचे तर पुण्याचे स्वारगेट बस प्रकरण पाहावे. 25 जानेवारी 2012 रोजी एका एसटी चालकाने आगारातली बस पळवून शहरातून बेफाम नेली. 9 जण मेले. सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने खटला परत पाठवला, कारण शिक्षेबाबत आरोपीला म्हणणे मांडायची संधीच मिळाली नव्हती. पुन्हा फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. सात वर्षे गेली. 2022 मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की फाशीच्या प्रकरणात आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक यांची माहिती खालच्या न्यायालयातच गोळा करा. फाशीपुरते हे झाले. पाच-सात वर्षांच्या शिक्षेत एवढे कोण पाहतो?

उतरंडीची शेवटची पायरी आपल्या जिल्ह्याला रोजची आहे. सोलापूर-धुळे आणि सोलापूर-हैदराबाद हे दोन्ही महामार्ग इथून जातात. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणाऱ्यांची रांग रात्रभर रस्त्यावर असते. दिवाळी सरली की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. अपघाताच्या फिर्यादीतले ‘हयगयीने व निष्काळजीपणे’ हे शब्द कुणालाही पाठ असतील. हयगयीने मृत्यू घडवण्याचे 304-अ हे कलम 1870 मध्ये आले आणि जास्तीत जास्त दोन वर्षे ही त्याची मर्यादा 2024 पर्यंत हलली नाही. एक मेला काय, सात मेले काय!

सात हा आकडा उगाच नाही. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या मजुरांवर दारू प्यायलेल्या तरुणाची गाडी चढली. 7 मेले, 8 जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगय धरून सहा महिने दिले. ओरड झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि जाणीव धरून तीन वर्षे केली. जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि शिक्षा कमीच आहे असेही म्हटले; पण ती वाढवून मागायला सरकार आलेलेच नव्हते.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हयगयीची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली. धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांचे पोटकलम मात्र चालकांच्या संपानंतर लागू न करता बाजूला ठेवले गेले. चालकांची भीती मला अगदीच अनाठायी वाटत नाही. मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर येते तेव्हा तिच्यावर आदळून मरणाऱ्याच्या मृत्यूला कारण कोण? चालक की दिवा न लावता ती रस्त्यावर आणणारा मालक? कायद्याचे बोट बहुधा स्टिअरिंग धरलेल्याकडे जाते. हयगय कुणी केली हे न विचारता नुसती वर्षे वाढवली, तर ती वर्षे बहुतेक वेळा सर्वांत गरीब माणूस भोगेल.

राहिली मयताची माणसे. शिक्षेच्या हिशेबात त्यांची जागा साक्षीदारापुरती असते. कुत्र्याच्या भांडणातल्या त्या निकालाचे मोठे महत्त्व इथे आहे. दंडातून किंवा वेगळा आदेश देऊन मयताच्या कुटुंबाला भरपाई द्यायची तरतूद संहितेत होतीच, पण न्यायालये ती विसरत. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात बजावले की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार केलाच पाहिजे आणि दिली किंवा नाकारली, तरी कारणे लिहिली पाहिजेत. निकालाच्या प्रती देशभरच्या उच्च न्यायालयांकडे धाडल्या गेल्या. आजही भरपाई मागणारे वकील त्याचा हवाला देतात.

याच निकालात पुढे नोंद आहे की या खटल्यात खालच्या दोन्ही न्यायालयांना तरतुदीचे भानच नव्हते, आणि आता इतक्या काळानंतर प्रकरण परत पाठवणे योग्य नाही. नवऱ्याबरोबर राखणीला असलेल्या, घाव डोळ्यांनी पाहिलेल्या आणि साक्ष दिलेल्या त्या बाईला भरपाईचा आदेश मिळाला नाही.