गरिबांचें घर : दान कीं भागीदारी ?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारिली त्याच्यापाशीं निदान घरापुरती जागा होती व हांक मारण्याजोगे शेजारी होते, एवढें खास. ज्याच्यापाशीं ह्यांपैकीं कांहींच नाहीं त्याच्या कानाला म्हणीचा पूर्वार्ध थट्टेसारखा लागतो. २०११ च्या शिरगणतींत मुंबई शहरांतील दर पांच माणसांपैकीं सुमारें दोन झोपडपट्टींत राहणारीं आढळलीं. हीं माणसें आळशी म्हणून तेथें राहतात असें ज्यास वाटत असेल त्यानें एकदां पहाटे त्या वस्तींतून फिरून यावें. दुसऱ्याचे इमले उभारणारा गवंडी, दुसऱ्याच्या घरचा केर काढणारी मोलकरीण, दुसऱ्याचें ओझें वाहणारा हमाल, हींच तीं माणसें. ह्यांस घर कोणीं व कोणत्या नात्यानें मिळवून द्यावें, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

आमच्या खेड्यांत ह्या प्रश्नाला एक जुनें उत्तर होतें. एकट्याच्यानें न उरकणारें शेतकाम गांवकरी आपापले बैल व औतें आणून एका दिवसांत उरकून देत, आणि ज्याचें काम असे तो सर्वांस जेवूं घाली. ह्यास इर्जिक म्हणत. सावडींत आज मी तुझ्याकडे, उद्यां तूं माझ्याकडे, असा श्रमांचा उसना व्यवहार चाले. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं घर शाकारावयाचें झालें तर शेजारीपाजारी हात लावीत. ह्यांत उपकार नव्हता, उसनवारी होती. म्हणून घेणाऱ्याची मान खालीं जात नसे. तथापि ही सावड बहुधा आपल्या आळीपुरती, म्हणजे पर्यायानें जातीपुरती असे. तिची ही मर्यादा झांकून ठेवण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

हीच मर्यादा ओलांडण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत झाला, त्याची हकीकत आमच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. अमेरिकस नांवाच्या गांवाजवळ १९४२ सालीं क्लॅरेन्स जॉर्डन ह्या धर्मोपदेशकानें व त्याच्या सोबत्यांनीं कोइनोनिया नांवाची शेतवसाहत स्थापिली. गोरे व काळे ह्यांनीं तेथें एकत्र राबावें व एका मेजावर जेवावें, असा रिवाज होता. एवढ्याच अपराधासाठीं १९५० नंतरच्या दशकांत आसपासच्या गोऱ्यांनीं त्यांच्या मालावर बहिष्कार घातला, घरांवर गोळ्या झाडल्या व रस्त्याकडेचें त्यांचें दुकान सुरुंगानें उडविलें. वसाहत मोडली नाहीं. पुढें मिलर्ड फुलर हा, धंद्यांत मिळविलेली संपत्ति वाटून टाकलेला तरुण वकील, जॉर्डनला येऊन मिळाला. व १९६८ सालीं उभयतांनीं गरीब शेजाऱ्यांच्या घरांसाठीं अर्ध्या अर्ध्या एकराचे बेचाळीस भूखंड आंखिले. पुढच्याच वर्षीं जॉर्डन वारला. फुलर पतिपत्नींनीं १९७३ पासून तीन वर्षें आफ्रिकेंतील झाईर देशांत हाच प्रयोग करून पाहिला, आणि परत येऊन १९७६ सालीं 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली.

ह्या संस्थेच्या मूळ अटी तिच्या कीर्तीपेक्षां अधिक विचारार्ह आहेत. घर फुकट द्यावयाचें नाहीं, परंतु त्यावर नफाही घ्यावयाचा नाहीं. किंमत लहान लहान हप्त्यांनीं वर्षानुवर्षें फेडून घ्यावयाची, व्याज लावावयाचें नाहीं. आलेला हप्ता पुढच्या कुटुंबाच्या घरास लावावयाचा. आणि ज्यांस घर मिळावयाचें त्यांनीं आपल्या व इतरांच्याही घरांवर शेंकडों तास राबावयाचें. ह्या चार अटींनीं दानाचें स्वरूप पालटतें. हप्ता भरणारा मनुष्य भिकारी राहत नाहीं. तो ज्यास कधीं पाहिलेंही नाहीं अशा दुसऱ्या गरिबाचा दाता होतो. ही आमची सावडच आहे. फरक इतकाच कीं तिनें आळीचें कुंपण ओलांडिलें आहे.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन हीं १९८४ पासून ह्या कामावर हातोडी घेऊन जात. २००६ च्या आक्टोबरांत, वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं, कार्टर आमच्या लोणावळ्याजवळ आले आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांसह शंभर घरांच्या कामावर आठवडाभर राबले. त्या प्रसंगीं व पुढेंही असा आक्षेप ऐकूं आला कीं, इतक्या लोकांच्या विमानप्रवासास जो पैसा लागला त्यांत आणखी कित्येक घरें उभीं राहिलीं असतीं, आणि आमच्या गवंड्यांनीं तेंच काम अधिक लौकर व अधिक सुबक केलें असतें. हा आक्षेप खोटा नाहीं. विटेवर वीट रचण्याच्या हिशेबानें हौशी स्वयंसेवक महागच पडतो. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, स्वयंसेवकानें गवंड्याची जागा घेऊं नये. गवंड्यास त्याची पुरी मजुरी मिळावी व स्वयंसेवकानें त्याच्या हाताखालीं गिलावा कालवावा. परंतु ज्या देशांत घमेलें उचलणें हें शतकानुशतकें विशिष्ट जातींचें काम समजलें गेलें, त्या देशांत एका राष्ट्राध्यक्षानें मजुराच्या बरोबरीनें भिंत रचावी, ह्या दृश्याची किंमत केवळ विटांच्या दरानें होणार नाहीं.

ह्यापुढची पायरी मात्र आमच्याच मुंबईतील बायांनीं दाखविली आहे. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पदपथावरील झोपड्या नोटीस देऊन हटविण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला. त्याच सालीं 'स्पार्क' ह्या संस्थेनें पदपथावरील बिऱ्हाडांची मोजदाद केली, आणि पुढल्या वर्षीं भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनीं 'महिला मिलन' हा आपला संघ उभारिला. जोकिन अर्पुतम् ह्यांचा झोपडीवासीयांचा राष्ट्रीय संघ त्यांच्या जोडीस होता. ह्या बायांनीं रोज चार पैसे शिल्लक टाकावयास आरंभ केला, आणि मग आपणांस घर कसें हवें हें ठरविण्यासाठीं लांकडें व कापड ह्यांचीं खरोखरीच्या मापाचीं घरें उभीं करून लोकांस दाखविलीं. त्यांनीं मागितलें तें असें : खोली लहान असो, पण उंची चौदा फूट असावी, म्हणजे आंत माळा घालून एका खोलींत दोन खोल्यांचें काम भागेल. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीं हा नकाशा काढिला. कारण मोठें कुटुंब लहान जागेंत कसें निजतें ह्याचें ज्ञान त्यांना होतें, आणि तें कोणत्याही विद्यालयांत मिळत नाहीं. गरिबाला भागीदार करणें म्हणजे केवळ त्याचे हात घेणें नव्हे. त्याची अक्कलही घेणें होय.

हें विसरल्यास काय होतें त्याचा धडा मराठवाड्यांत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती व वर माळवदाचें ओझें, ह्यांखालीं निजलेलीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. पुनर्वसनाच्या वेळीं सरकारनें नवीं गांवें वसविलीं, पण घराचें माप माणसांवरून न ठरवितां जमिनीवरून ठरविलें : भूमिहीनास व एक हेक्टरापर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४५०, आणि सात हेक्टरांवरील बागायतदारास ७५०. म्हणजे भूकंपानें जी विषमता एका क्षणांत मातीस मिळविली होती, ती आम्हीं सिमेंटांत पुन्हा उभारिली ! ह्याच कार्याचा दुसरा भाग मात्र अनुकरणीय झाला. ज्या गांवांत घरें पाडावयाचीं नव्हतीं, दुरुस्त करून बळकट करावयाचीं होतीं, तेथें पैसा घरमालकाच्या हातीं हप्त्यांनीं देण्यांत आला, आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेच्या साहाय्यानें गांवोगांवच्या स्त्रिया संवाद साहाय्यक म्हणून पुढें आल्या. ज्या बाईनें आयुष्यभर चूल सांभाळिली, ती भिंतीच्या कोपऱ्यांत बांध कसा घालावा हें शेजारणीस समजावूं लागली.

आतां आमच्या पुढील कर्तव्याकडे वळूं. सरकारनें २०१६ सालीं सुरू केलेल्या ग्रामीण आवास योजनेंत सपाट प्रदेशांतील घरकुलास १ लक्ष २० हजार रुपयांचें साहाय्य ठरविलें, व घराचें क्षेत्र किमान २५ चौरस मीटर असावें असा नियम केला. योजना उपयुक्त आहे. पण तिच्या वाटेवर तीन खड्डे आहेत. पहिला जागेचा : ज्याच्या नांवें भूखंड नाहीं त्याच्या हातीं मंजुरीचा कागद येऊनही विटा कोठें रचाव्या हें त्यास कळत नाहीं. दुसरा कागदांचा : उतारा, मोजणी, बँकेचें खातें, ह्यांपैकीं एकांतील नांवाचें अक्षर चुकलें तर वर्ष निघून जातें. तिसरा हप्त्यांचा : पाया झाल्याशिवाय पुढचा पैसा येत नाहीं, आणि पदरीं पैसा असल्याशिवाय पाया होत नाहीं; ह्या फटींत सावकार शिरतो.

ह्यांपैकीं पहिला खड्डा सरकारनेंच भरला पाहिजे. श्रमदानानें भिंती होतात, जमीन होत नाहीं, आणि स्वयंसेवकांचें कौतुक करून सरकारनें आपलें हें ऋण बुडवूं नये. परंतु उरलेले दोन भरणें सर्वस्वीं आमच्या हातीं आहे. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं दहापांच सुशिक्षितांनीं आठवड्यांतून एक दिवस घरकुलवाल्यांचे कागद नीट करून देण्यास बसावें. हें श्रमदान विटा वाहण्याहून कमी नाहीं. आणि ज्यांस शक्य आहे त्यांनीं एक फिरता निधि उभारावा, त्यांतून बिनव्याजी उसनें द्यावें, व हप्ता येतांच तें परत घेऊन पुढच्या घरास लावावें.

शेवटीं एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. २०२० च्या डिसेंबरांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय घेतला. नांव एका कागदानें बदलतें. पण घरकुलांची नवी ओळ गांवकुसाबाहेरच आंखली गेली तर नांव पालटून काय साधलें? कोइनोनियाच्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या घरें बांधण्याबद्दल नव्हेत, एका मेजावर जेवण्याबद्दल. आमच्या श्रमदानाचीही खरी परीक्षा तेथेंच आहे. वरच्या आळींतील तरुण खालच्या वस्तींत जाऊन दिवसभर गिलावा कालवतील, छायाचित्रेंही काढून घेतील. पण दुपारीं ऊन डोक्यावर आलें असतां त्याच घरच्या माठांतील पाणी ते मागून पितील काय? ज्या दिवशीं तें पाणी न मागतां पुढें येईल व न संकोचतां प्यायलें जाईल, त्या दिवशीं घर पुरें झालें असें आम्ही समजूं. छप्पर मागाहून चढलें तरी चालेल.