दोन मालमत्तांचे एक गाणे

चित्रफितीचे संकलन उरकून ती यूट्यूबवर चढू लागली, की प्रकाशनापूर्वी तपासणी चालू असल्याची सूचना पडद्यावर उमटते. त्या अल्प अवकाशात माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाची मुद्रा मामलेदार कचेरीच्या ओसरीवर तिष्ठणाऱ्या पक्षकारासारखी झाली होती. फीत जुन्या संगीत रंगभूमीविषयी होती, आणि निवेदनाखाली 'स्वयंवर' नाटकातील एका पदाचा तुकडा त्याने अलीकडच्या एका ध्वनिमुद्रणातून उचलला होता. "काका, तीस सेकंदांच्या आत आहे, काही होत नाही," असे तो निश्चिंतपणे म्हणाला खरा. पण आपल्या कायद्यात सेकंदांची अशी सवलत कोठेही नाही. तपासणी संपली आणि दावा लागला.

हा दावा बहुधा यंत्रच करते. 'कंटेंट आयडी' या 2007 पासूनच्या व्यवस्थेत हक्कदार आपली ध्वनिमुद्रणे जमा करतात, यंत्र त्यांचे ठसे जपते व चढणाऱ्या फितींशी त्यांची रुजवात घालते. जुळणी होताच फीत रोखावी, तिच्यावर केवळ नजर ठेवावी, की तिचे उत्पन्न स्वतःकडे वळवावे, याचा हुकूम हक्कदाराने आगाऊ देऊन ठेवलेला असतो. वर्णनात मूळ कलावंतांचे ऋण कितीही नम्रतेने मानले, तरी यंत्राच्या लेखी ते शून्य.

खरी गुंतागुंत निराळीच आहे. 1957 च्या कायद्याप्रमाणे गाण्यात निदान दोन मालमत्ता नांदतात. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. 1916 च्या 'स्वयंवरा'चे संगीतकार भास्करबुवा बखले 1922 साली आणि नाटककार खाडिलकर 1948 साली निवर्तले. म्हणजे पद सर्वांचे झाले, मुद्रण मात्र कंपनीचेच राहिले. उलट 1955 च्या गीतरामायणाची गोष्ट पाहा: माडगूळकरांचा मृत्यू 1977 चा व सुधीर फडक्यांचा 2002 चा, त्यामुळे शब्द 2037 अखेरपर्यंत आणि चाली 2062 अखेरपर्यंत बांधलेल्या, मग घरी पेटी घेऊन स्वतः का गाईना!

दाव्यावर हरकत घेता येते. ती पाच दिवसांत घेतल्यास तंटा मिटेपर्यंत उत्पन्न अनामत राहते आणि हक्कदारास उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत मिळते. समीक्षेसाठी उतारा घेण्याची मुभाही कायद्यात आहे. परंतु या फितीत पदाची चर्चा नव्हती, ते केवळ शोभेला होते, म्हणून हरकत घेऊ नये असे माझे मत पडले. निराधार हरकतीवर हक्कदाराने फीत उतरविण्याची रीतसर मागणी केली तर 'स्ट्राइक' बसतो, आणि नव्वद दिवसांत असे तीन बसले की वाहिनीच बंद होण्याची पाळी येते.

त्याने तो तुकडा काढला आणि तेच पद एका गायक मित्राकडून, त्याच्या संमतीने, नव्याने गाऊन घेतले. स्वरसाम्यावरून पुन्हा दावा आलाच, तर आता हरकतीस आधार आहे. ज्यांना या मार्गाने उत्पन्न हवे, त्यांनी कवीचे व संगीतकाराचे मृत्युवर्ष आणि ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनवर्ष संकलनास बसण्यापूर्वीच कागदावर मांडावे.