पादचारी ओलांडणी

पादचारी ओलांडणी : रहदारीचा रस्ता पायी पार करण्यासाठी खुणांनी निश्चित केलेला रस्त्याचा भाग. त्यावरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे तो ‘झेब्रा क्रॉसिंग’ या नावाने परिचित आहे. शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेत पादचाऱ्यांची ये-जा व वाहनांची वर्दळ एकाच जागी येत असल्याने तेथील ओलांडणीच्या रचनेला विशेष महत्त्व असते. भुयारी मार्ग व पादचारी पूल खर्चिक असतात. शिवाय चढउतारामुळे वृद्ध, अपंग व ओझे वाहणाऱ्या व्यक्ती ते टाळतात. म्हणून रस्त्याच्या पातळीवरील ओलांडणीच अल्प खर्चात सुरक्षित करण्याच्या उपायांकडे नगररचनाकारांचे लक्ष वळले आहे.

इतिहास : इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन नगरात रस्ता ओलांडण्यासाठी बसविलेले उंच दगड आढळतात. गाड्यांची चाके जावीत म्हणून त्यांच्यामध्ये फटी ठेवलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९३४ साली लेस्ली होर-बेलीशा या परिवहनमंत्र्यांच्या काळात ओलांडणीच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोलक बसविण्यात आले. पट्ट्यांच्या झेब्रा क्रॉसिंगला तेथे १९५१ मध्ये कायदेशीर स्वरूप प्राप्त झाले.

पट्ट्यांची मर्यादा : केवळ पट्टे रंगविल्याने संरक्षण मिळतेच असे नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० शहरांतील २,००० ठिकाणे तपासण्यात आली. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी पट्टे होते. दुपदरी रस्त्यांवर पट्ट्यांमुळे अपघातांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु दिवसाला सु. १२,००० हून अधिक वाहने जाणाऱ्या बहुपदरी रस्त्यांवर, अन्य उपायांची जोड नसलेल्या पट्ट्यांच्या जागी पादचाऱ्यांच्या अपघातांचे प्रमाण उलट अधिक आढळले. एका पदरातील वाहन पादचाऱ्यासाठी थांबले, तरी त्याच्या आडोशामुळे शेजारच्या पदरातून येणाऱ्या चालकास पादचारी दिसत नाही. असे अपघात बहुपदरी रस्त्यांवरच संभवतात. तात्पर्य, पट्टे ओलांडण्याची जागा दर्शवितात. संरक्षण मात्र वाहनाचा वेग, परस्परांची दृश्यता व ओलांडण्याचे अंतर या तीन बाबींवर अवलंबून असते.

वेग : चालकाच्या प्रतिक्रियेस एक सेकंद लागतो असे धरल्यास, कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किमी. वेगाची मोटार थांबण्यास सु. २८ मी. अंतर लागते, तर ताशी ३० किमी. वेगाच्या मोटारीस सु. १३ मी. पुरतात. वेगाबरोबर आघाताची तीव्रताही झपाट्याने वाढते. ओलांडणीचा पृष्ठभाग पदपथाच्या उंचीपर्यंत उचलल्यास ती गतिरोधकाचेही काम करते. चौकाच्या कोपऱ्याची वळणत्रिज्या रंग व खुंट यांनी कमी केल्यास वळणाऱ्या वाहनांना वेग आवरावाच लागतो.

दृश्यता : ओलांडणीलगत उभ्या केलेल्या वाहनामागून येणारे मूल चालकाला अखेरच्या क्षणी दिसते. यासाठी ओलांडणीच्या अलीकडील काही मीटर जागा वाहनतळातून वगळतात. कॅलिफोर्निया राज्यात २०२४ पासून ही मनाई २० फूट (सु. ६ मी.) अंतरापर्यंत लागू झाली. केवळ सूचनाफलक पुरेसा न ठरल्यास मोकळ्या केलेल्या जागी कुंड्या किंवा लवचिक खुंट बसवितात. वाहनांची थांबरेषा ओलांडणीपासून काही अंतर मागे घेतल्यास शेजारच्या पदराकडील दृष्टी मोकळी होते.

अंतर व वेळ : सेकंदास १.२ मी. या चालीने १५ मी. रुंदीचा रस्ता ओलांडण्यास १२.५ सेकंद लागतात. दोन्ही बाजूंचे पदपथ प्रत्येकी ३ मी. पुढे आणल्यास हा काळ ७.५ सेकंदांवर येतो. रस्त्याच्या मध्यभागी थांबण्यासाठी बेट केल्यास एका वेळी एकाच दिशेच्या वाहनांकडे लक्ष द्यावे लागते. सिग्नल असलेल्या चौकात पादचाऱ्यांचा दिवा वाहनांच्या हिरव्या दिव्यापूर्वी काही सेकंद लावल्यास वाहने वळण्याआधीच पादचारी रस्त्यात स्पष्ट दिसू लागतात. या शेवटच्या उपायास बहुधा केवळ सिग्नलची वेळ बदलावी लागते.

प्रायोगिक बदल : रंग, खुंट व कुंड्या वापरून केलेला बदल फसल्यास मागे घेता येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. न्यूयॉर्कमधील टाइम्स स्क्वेअर येथे २००९ मध्ये ब्रॉडवेचा भाग वाहनांना बंद करून तेथे साध्या खुर्च्या मांडण्यात आल्या. त्या परिसरात जखमी होणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०१० च्या अहवालात नमूद आहे. त्यानंतर तेथे कायमचे बांधकाम झाले. न्यू जर्सी राज्यातील सु. ६०,००० वस्तीच्या होबोकेन शहराने चौकांचे कोपरे मोकळे केले व वेगमर्यादाही उतरविली. तेथे जानेवारी २०१७ नंतरच्या सात वर्षांत रस्ते-अपघातात एकही मृत्यू झाला नाही. अर्थात, या यशाचे श्रेय कोणत्याही एका उपायास देता येणार नाही.

भारतातील स्थिती : २०२२ मध्ये भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. पादचारी सुविधांविषयी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे १९८८ पासून उपलब्ध असून ती २०१२ व २०२२ मध्ये सुधारण्यात आली. ओलांडणीजवळ वाहन उभे करण्यास १९८९ च्या मार्ग-नियमांतच मनाई होती. नियम जुना असला, तरी केवळ त्याच्या आधारावर जागा मोकळी राहत नाही. रस्त्याची रचनाच तसे करण्यास भाग पाडणारी असावी लागते.

मर्यादा : रंग पावसाने व चाकांच्या घर्षणाने झिजतो, खुंट मोडतात, त्यामुळे देखभालीची तरतूद आरंभीच करणे आवश्यक असते. केवळ रंगाने वाढविलेला पदपथ अंध व्यक्तीस जाणवत नाही. त्यासाठी कडेला पायाला किंवा काठीला कळेल अशी खडबडीत फरशी लागते. अग्निशामक वाहने व बस यांच्या वळणासही पुरेशी जागा ठेवावी लागते. बदलापूर्वी व बदलानंतर वाहनांचा वेग आणि थोडक्यात टळलेले अपघात मोजल्यास, कोणता उपाय कायम करावा हे प्राणहानीची वाट न पाहता ठरविता येते.