अर्थशास्त्राचा पहिला पेपर आणि घरातले पासबुक

स्मरणिकेसाठी लेख द्या असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी प्राध्यापक नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. परंतु रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात आपली प्रथम वर्षाची मुलेमुली अभ्यासाला बसतात, त्यांना अर्थशास्त्राची फार धास्ती आहे असे दिसते. दरवर्षी एकदोघे तरी तो विषय सोडून दुसरा घेतात. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी हे चार शब्द.

मी स्वतः हा विषय घोकून पास झालो. ॲडम स्मिथची संपत्तीविषयक व्याख्या, मार्शलची कल्याणविषयक, रॉबिन्सची दुर्मिळताविषयक आणि प्रत्येकीवर पाच टीका, सारे गाइडमधून पाठ. मार्क पडले, विषय मात्र कळला नाही. तो कळू लागला बँकेच्या काउंटरवर. त्या वेळी बचत खात्यावरचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. एक वृद्ध बाई महिन्याच्या १२ तारखेला पैसे भरत, आणि व्याज कमी का म्हणून माझ्याशी भांडत. त्यांच्या त्या महिन्याच्या भरण्यावर नियमाप्रमाणे काहीच व्याज बसत नव्हते. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज मोजू लागले आणि ते भांडण मिटले. पण व्याज हे नुसत्या पैशाचे नसते, पैसा किती दिवस कुणाकडे राहिला त्या दिवसांचे ते भाडे असते, ही गोष्ट त्या बाईंनी मला शिकवली. वित्त विषयाची निम्मी गणिते या एका वाक्यावर उभी आहेत.

आता परीक्षेत हमखास मार्क जातात ती जागा. जयंतीच्या आठवड्यात हारांचा भाव चढतो आणि तरीही हार जास्तच खपतात. मग ‘भाव वाढला की मागणी घटते’ हा नियम खोटा ठरला काय? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात ‘होय’ म्हणून वर जातात. नियमाच्या आरंभी ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असे शब्द आहेत, ते आपण मंत्रासारखे म्हणतो आणि विसरतो. जयंतीच्या आठवड्यात इतर परिस्थिती कायम नसते. प्रत्येक वस्तीला, प्रत्येक मंडळाला हार हवा असतो. म्हणजे कोणताही भाव धरा, त्या भावाला नेहमीपेक्षा जास्त हार मागितले जातात. अख्खा मागणी वक्र उजवीकडे सरकला. याला मागणीतील वृद्धी म्हणतात. भाव चढला तो त्यामुळे. याउलट एरवीच्या दिवसांत फुले महागली म्हणून दोनऐवजी एकच हार घेतला, तर वक्र जागचा हलला नाही, आपण त्याच वक्रावर वर सरकलो. हा मागणीचा संकोच. वृद्धी आणि विस्तार, ऱ्हास आणि संकोच, हे शब्द पाठ करून लक्षात राहत नाहीत. चौकटीच्या कागदावर आकृती स्वतः काढावी लागते, निदान दहा वेळा. गाइडमधली आकृती बघून काहीही होत नाही.

तिसरी गोष्ट रुपयाची किंमत. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी वर्षभर ठेवले, तर वर्षाअखेर १,०७,००० मिळतात. मधल्या काळात भाव ६ टक्क्यांनी वाढले, तर गेल्या वर्षी लाखात येणारे सामान आता १,०६,००० ला पडते. म्हणजे पासबुकात ७,००० वाढले, हाती खरी वाढ १,००० ची. पुस्तकात याला वास्तव व्याजदर म्हणतात. आकडा वाढणे आणि ऐपत वाढणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळले की राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरणही सोपे जाते.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. रिझर्व्ह बँकेचा विषय निघाला की आपल्या भाषणांतून बाबासाहेबांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाचे नाव हमखास घेतले जाते. तो ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली, रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, ही सनावळी आपल्याला पाठ असते. परंतु रुपयाचा तो प्रॉब्लेम नेमका कोणता, हे विचारले की सभा शांत! परदेशी चलनाशी रुपयाचा विनिमय दर काय, यापेक्षा रुपयात देशात काय विकत मिळते याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. चलनवाढीवर खरा लगाम हवा, कारण भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही आणि तोटा मजुराच्या पदरी पडतो. वरचे लाख रुपयांचे गणित ज्याला समजले, त्याला या ग्रंथात शिरायची वाट सापडली असे मी समजतो. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी सहाव्या खंडात तो आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला तो जड जातो, मलाही गेला. पण शब्दकोश जवळ ठेवून रोज दोन पाने होतात.

शेवटी कर्जाचे गणित. यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला. आमच्या रविवारच्या वर्गातील एक मुलगी यंदा अर्थशास्त्र सोडायच्या बेतात होती. तिच्या वडिलांनी जुनी रिक्षा घेण्यासाठी एका खाजगी वित्त कंपनीकडून ६०,००० रुपये काढले होते. दर ‘फक्त १० टक्के फ्लॅट’, मुदत तीन वर्षे. वर्षाला ६,००० प्रमाणे व्याज १८,०००; एकूण ७८,००० भागिले ३६, हप्ता सुमारे २,१६७ रुपये. हिशेब इतका सरळ दिसतो की शंका येत नाही.

पण हप्त्याहप्त्याने मुद्दल फिटत जाते. तीन वर्षांची सरासरी काढली तर त्यांच्याकडे कंपनीचे ६०,००० नव्हे, त्याच्या निम्म्याच्या आसपासच पैसे राहिले. व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ६०,००० वर. दिवसांचे भाडे म्हणतो ते हेच. घटत्या शिलकेवर खरेच १० टक्के असते तर हप्ता १,९३६ रुपये आणि तीन वर्षांचे व्याज सुमारे ९,७०० झाले असते. २,१६७ च्या हप्त्याचा घटत्या शिलकेवरील दर जवळजवळ १८ टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य बाबींचे पत्रक द्यायचे व त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहायचा, असे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. हे कर्ज त्याआधीचे.

आम्ही ३६ ओळींचा तक्ता वहीत मांडला. दर महिन्याची शिल्लक, त्यावरचे व्याज, उरलेले मुद्दल. दोन रविवार गेले. तक्ता पुरा झाल्यावर ती म्हणाली, “काका, हे पप्पांना सांगू का? त्यांना वाईट वाटेल.” सांग म्हणालो. पुढच्या रविवारी वडील स्वतः आले, रिक्षाच्याच कपड्यांत, आणि तक्त्यावर बोट ठेवून एकेक ओळ मुलीकडून समजून घेत बसले. २२ हप्ते गेले होते, १४ बाकी होते. बाकीची रक्कम एकदम भरली तर व्याजात सूट किती आणि वर दंड किती, हे कंपनीकडून लेखी मागा असे मी सांगितले. अर्ज मुलीनेच लिहिला. त्याचे उत्तर अजून यायचे आहे. अर्थशास्त्राचा विषय तिने बदललेला नाही.