उत्क्रांतीचा पाठ आणि धम्माची दृष्टी

शाळेत उत्क्रांती शिकवल्याने धर्माला बाधा येते काय, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ गाजतो आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला भरला गेला होता. आपल्या देशात या वादाला अलीकडे तोंड फुटले, तेही आपल्या मराठवाड्यात. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैदिक संमेलनासाठी आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे, असे विधान केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले वा लिहिलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचे खंडन केले. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले.

वाद तेथे मिटला. परंतु पुढे एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी खुल्या पत्राद्वारे याला विरोध केला. कोविडकाळात विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्यासाठी हे केले असून बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती कायम आहे, असे सरकारने सांगितले. ते खरेही आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील मुलाला दहावी गाठणे हाच एक गड असतो. त्याच्या वाट्याला उत्क्रांती आली तर ती दहावीपर्यंतच येणार. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे, ही म्हणूनच समाधानाची गोष्ट होय.

या पाठाविषयीचा पहिला गैरसमज ‘माकडापासून माणूस झाला’ या वाक्यात आहे. आजच्या कोणत्याही माकडापासून माणूस झाला, असे विज्ञान म्हणत नाही. चिंपांझी आणि मानव यांचे पूर्वज एक होते आणि सुमारे साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, असे ते सांगते. ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचेही उत्तर आहे. बीडच्या शेतकऱ्याने उत्क्रांती स्वतःच्या कपाशीत पाहिली आहे.

बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला २००२ साली देशात परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन प्रथिने असलेले वाण आले. अळ्या मरू लागल्या, फवारण्या घटल्या. परंतु कोट्यवधी गुलाबी बोंडअळ्यांमध्ये काही थोड्यांच्या अंगी जन्मतःच असा फरक होता की त्या या विषाला पुरून उरल्या. उरलेल्यांचाच वंश वाढला. पिढ्यामागून पिढ्या हीच निवड होत गेली आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातील बोंडे किडली. कोणतीही एक अळी बदलली नव्हती. अळ्यांच्या समूहातील प्रमाण बदलले होते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात होते, ते यासाठीच. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, विषाला दाद न देणाऱ्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि नवा वंश बळावू नये, हा त्यामागचा हेतू. पुष्कळ शेतांत ते पेरलेच गेले नाही. उत्क्रांतीचे अज्ञान किती महाग पडते, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते द्यावे?

मग धर्माशी विरोध कोठे येतो? सारी सृष्टी एका निर्मात्याने आज आहे तशीच घडवली, असे अक्षरशः मानणाऱ्या श्रद्धेशी तो निश्चित येतो. सर्वच धार्मिकांशी मात्र येत नाही. उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक आहे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली मान्य केले होते. बौद्धांपुढे तर निर्मात्या ईश्वराचा प्रश्नच नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांच्या प्रयोजनांत भेद केला आहे. जगाचा उगम सांगणे हे धर्माचे काम मानले जाते. धम्माचे काम जगाची पुनर्रचना करणे हे आहे. उगमाचा शोध विज्ञानाने घ्यावा, त्यात धम्माचे काही हिरावले जात नाही.

येथे मात्र आपणही सावध राहिले पाहिजे. ‘डार्विनने सांगितले ते तथागतांनी आधीच सांगितले होते’ असे अभिमानाने म्हणण्याचा मोह होतो. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्तात जगाच्या व समाजाच्या घडणीचे कथन आहे. परंतु त्यातील प्राणी आरंभी स्वयंप्रकाशी आहेत. त्या सुत्ताचा रोख जन्माधारित श्रेष्ठत्वाचा दावा खोडण्यावर आहे, जीवशास्त्र शिकवण्यावर नाही. सर्व काही वेदांत आहे असे म्हणणाऱ्यांना आपण हसावे आणि सर्व काही तिपिटकात आहे असे स्वतः म्हणावे, हे कालाम सुत्ताशी सुसंगत नाही. केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हा उपदेश आपल्या ग्रंथांनाही लागू आहे.

नाते आहे ते वेगळ्या ठिकाणी. वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवत, झाडे, कीटक, मासे, पक्षी यांच्यात जन्मतः जातिभेदाची चिन्हे असतात, माणसामाणसांत तशी नसतात. आजचे जीवशास्त्र स्वतंत्र पुराव्यांनी याच निष्कर्षाला येते. सर्व मानव एकाच जातीचे, होमो सेपियन्स. कोणत्याही दोन माणसांचा आनुवंशिक आराखडा सुमारे ९९.९ टक्के सारखा. ज्यांच्या पूर्वजांना जन्मावरून पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांसाठी हा परीक्षेतील केवळ एक प्रश्न नव्हे.

याच सिद्धान्ताचा गैरवापरही झाला आहे. ‘जो लायक तोच टिकेल’ हा शब्दप्रयोग डार्विनचा नसून मुळात हर्बर्ट स्पेन्सरचा. त्याचा अर्थ ‘बळी तो कान पिळी’ असा लावून विषमतेचे समर्थन केले गेले. येथे ‘लायक’ म्हणजे श्रेष्ठ नव्हे. त्या परिस्थितीत तगून वंश वाढवणारा, एवढेच. शिवाय निसर्गात जे घडते ते माणसाने करावे, असे विज्ञान सांगत नाही. कसे वागावे हे ठरवण्यासाठी मैत्री आणि करुणा लागते. वर्गातील पाठ आणि विहारातील वंदना यांच्यात भांडण नाही ते यामुळेच.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. मुलाने घरी येऊन ‘आपण माकडापासून झालो का?’ असे विचारले, तर हसून विषय टाळू नये. त्याला कपाशीच्या शेतात न्यावे आणि एक किडके बोंड उघडून दाखवावे.