ज्ञानकोशात नोंद कोणाची? हौशी पोकरपटूच्या उदाहरणातून ‘उल्लेखनीयता’

एखाद्या हौशी खेळाडूने पोकर या पत्त्यांच्या खेळात मोठी रक्कम जिंकली, तर विकिपीडियावर त्याच्या नावाचा लेख असावा का? वर्गात हा प्रश्न विचारला की साधारणपणे दोन उत्तरे येतात. काही जण म्हणतात, ‘एवढे पैसे जिंकले, म्हणजे असायलाच हवा.’ काही म्हणतात, ‘पत्ते खेळणाऱ्यावर कसला लेख?’ दोन्ही उत्तरे त्या माणसाची लायकी ठरवायला निघतात. विकिपीडिया वेगळेच विचारतो: या माणसाविषयी पडताळून पाहता येईल असा लेख लिहिण्याइतके साहित्य इतरांनी आधीच प्रसिद्ध केले आहे का? या कसोटीला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात.

निकष कशासाठी?

छापील कोशात संपादक मंडळ नोंदी ठरवते. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नावही असते, त्यामुळे मजकुराची जबाबदारी कोणाची हे कळते. विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो आणि लिहिणाऱ्याची पदवी कोणी विचारत नाही. म्हणून तिथे वाक्याचा भरवसा लेखकावर नसून त्याला दिलेल्या संदर्भावर असतो. संदर्भच नसतील, तर लेख खरा की खोटा हे वाचकाला तपासता येत नाही.

इंग्रजी विकिपीडियाचा सर्वसाधारण निकष तीन शब्दांत लक्षात ठेवा. (प्रत्येक भाषेतील विकिपीडियाचे नियम थोडे वेगळे असू शकतात.)

१. सविस्तर: यादीतले नाव किंवा बातमीतली एक ओळ पुरत नाही.
२. विश्वासार्ह: मजकूर छापण्यापूर्वी तो तपासण्याची पद्धत असलेले वृत्तपत्र, नियतकालिक किंवा ग्रंथ.
३. स्वतंत्र: त्या व्यक्तीशी हितसंबंध नसलेल्याने लिहिलेले.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, ‘क्ष’ हा नोकरी सांभाळून पोकर खेळतो. एका मोठ्या स्पर्धेत तो चाळिसावा आला. त्याच्याविषयी चार संदर्भ मिळतात: निकालांच्या संकेतस्थळावर नाव आणि रक्कम, प्रायोजकाचे प्रसिद्धिपत्रक, त्याची स्वतःची अनुदिनी आणि गावच्या वृत्तपत्रातली तीन ओळींची बातमी. आता निकष लावा. पहिला संदर्भ सविस्तर नाही. दुसरा आणि तिसरा स्वतंत्र नाहीत. चौथा स्वतंत्र आहे, पण सविस्तर नाही. संदर्भ चार असूनही निकषावर एकही उतरत नाही, म्हणून ‘क्ष’वर लेख नको. तो चांगला खेळत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही.

एक खरे उदाहरण

ख्रिस मनीमेकर हा अमेरिकेतील टेनेसी राज्यातला हिशेबनीस. (‘पैसे कमावणारा’ अशा अर्थाचे हे आडनाव खरेच त्याचे आहे.) २००३ साली लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ स्पर्धेत मुख्य फेरीचे प्रवेशशुल्क १०,००० डॉलर होते. त्याने मात्र शंभर डॉलरहून कमी शुल्काच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून ती जागा मिळवली. ८३९ स्पर्धकांमध्ये तो पहिला आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. अंतिम लढतीत त्याच्यासमोर सॅमी फार्हा हा व्यावसायिक खेळाडू होता. पुढच्या वर्षी स्पर्धकांची संख्या २,५७६ झाली आणि २००६ मध्ये ८,७७३. या वाढीची कारणे अनेक होती. ऑनलाइन पोकर पसरत होते आणि टीव्हीवर खेळाडूंचे झाकलेले पत्तेही प्रेक्षकांना दिसू लागले होते. तरी या लाटेला ‘मनीमेकर परिणाम’ असेच नाव पडले.

तोही हौशीच होता. मग त्याच्यावर लेख का? केवळ २५ लाखांमुळे नाही. त्याच्या विजयाचा खेळावर काय परिणाम झाला, याविषयी इतरांनी पुढेही वर्षानुवर्षे लिहिले, म्हणून. त्याने स्वतः लिहिलेले आत्मकथन या हिशेबात धरत नाहीत, कारण ते स्वतंत्र नाही.

एकाच घटनेपुरती प्रसिद्धी

एखादी व्यक्ती फक्त एका घटनेमुळे बातमीत आली आणि एरवी खासगी आयुष्य जगत असेल, तर लेख घटनेवर लिहावा, व्यक्तीवर नको, असा संकेत आहे. यामागे माणुसकीचा विचार आहे. विकिपीडियाचा लेख शोधयंत्रात बहुधा वरच दिसतो. ‘क्ष’चे कर्ज किंवा एखादा जुना वाद त्यात कोणी घातला, तर नोकरीच्या मुलाखतीआधी तोच वाचला जाईल. लेखावर लक्ष ठेवणारे थोडे असतील, तर चुकीचा मजकूरही बराच काळ टिकतो. लेख नसणे हे अशा माणसासाठी संरक्षणही असते.

निकषाची मर्यादा

आता उलट बाजू पाहा. डोना स्ट्रिकलंड यांनी जेरार मूरू यांच्यासह तीव्र लेसर स्पंद निर्माण करण्याची पद्धत शोधली आणि त्यावरचा शोधनिबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला, कारण दिलेल्या संदर्भांतून उल्लेखनीयता दिसत नाही, असे तपासणाऱ्याचे मत पडले. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हाही त्यांच्यावर लेख नव्हता.

यातून धडा असा: पत्त्यांच्या टेबलावर कॅमेरे असतात, प्रयोगशाळेत क्वचितच. माध्यमे ज्यांच्याकडे पाहत नाहीत, ते ज्ञानकोशातही मागे पडतात. म्हणून ‘लेख नाही’ याचा अर्थ ‘काम मोठे नाही’ असा लावू नका आणि ‘लेख आहे’ म्हणून कोणाला थोरही मानू नका. निकष सोडून देणे हा यावरचा उपाय नाही. अशा व्यक्तींविषयीचे चांगले संदर्भ शोधून मांडणे, हा उपाय आहे आणि तो तुमच्याही हातात आहे.

स्वतः करून पाहा

तुमच्या राज्यातील एखादा खेळाडू, संशोधक किंवा कलावंत निवडा. त्याच्याविषयीचे पाच संदर्भ जमवा आणि प्रत्येकापुढे सविस्तर, विश्वासार्ह, स्वतंत्र असे तीन रकाने करून ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा. तिन्ही रकान्यांत ‘हो’ असलेले संदर्भ दोन-तीन तरी मिळाले, तरच लेख लिहायला घ्या. व्यक्ती तुमच्या ओळखीची असेल, तर हे काम दुसऱ्याकडे सोपवा.