काचेमागची उभी बाटली

आमच्या निगडी प्राधिकरणात कुणी नवं घर घेतलं की पाहुण्यांना ते दाखवण्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी देवघर, मग स्वयंपाकघर, मग गॅलरी आणि तिथून दिसणारी दुर्गा टेकडी. अलीकडे या क्रमात शेवटी एका गोष्टीची भर पडली आहे. यजमान आवाज थोडा खाली आणतात आणि हॉलच्या कोपऱ्यातलं कपाट उघडून दाखवतात. आत सात-आठ बाटल्या, त्यातल्या चार भेट आलेल्या, दोन रिकाम्या पण 'दिसायला छान' म्हणून ठेवलेल्या. पाहुणे कौतुक करतात, बायका दुसरीकडे बघतात आणि विषय पुन्हा टाइल्सवर येतो.

या कपाटाबद्दल आपल्याकडे मोकळेपणानं कुणी लिहीत नाही. कुठे काय शिजतं यावर रकाने भरतात, पण घरात चार बऱ्या बाटल्या ठेवायच्या तर कोणत्या, कशा, किती पैशांत आणि कुणाच्या संमतीनं, हे प्रत्येकानं आपापलं चाचपडत शिकायचं.

आमच्या पिढीनं ते घरात शिकलंच नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आम्ही पहिली, दुसरी, तिसरी पाळी करून उमेदवारीचे कायम झालो. त्या काळात दारू म्हणजे जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरची परमिट रूम. पगाराच्या दिवशी चौघांनी जायचं, अंधारात बसायचं, दुकानातल्या भावाच्या कितीतरी पट देऊन पेग घ्यायचे, वर चखण्याचं बिल, आणि मग स्कूटरला किक मारून अवजड ट्रकच्या गर्दीतून घरी. या शेवटच्या भागानं आमच्या ओळखीतली किती माणसं नेली, त्याचा हिशेब करवत नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गालगतची दारूदुकानं आणि बार बंद झाले, पुढे काही महिन्यांत महापालिका हद्दींना सूट मिळाली आणि पाट्या पुन्हा उजळल्या. मधल्या काळात आमच्या चौघांच्या लक्षात आलं की घरी बसणं स्वस्त आहे आणि सुरक्षितही.

पण घर माझ्या एकट्याचं नव्हतं. माझ्या पत्नीचा थोरला भाऊ दारूनं गेला, बेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा 'घरात एक कपाट करू' हे वाक्य मी जेवताना उच्चारलं आणि पुढचे दोन दिवस आमच्याकडे फक्त भांड्यांचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन बोलली. "दादा चोरून प्यायचा. बाटल्या गव्हाच्या कोठीत सापडायच्या, माळ्यावर सापडायच्या. वहिनीला कधी कळलंच नाही किती ते. ठेवायची असेल तर काचेमागं ठेवा. मला येता-जाता पातळी दिसली पाहिजे."

तिच्या अटी आणखीही होत्या. मापाशिवाय ओतायचं नाही. शनिवार सोडून कपाट उघडायचं नाही. आणि ज्यानं घेतली त्याच्या गाडीची किल्ली रात्रभर आमच्या देवघराच्या खुंटीला. ही शेवटची अट मित्रांना जाचक वाटली. पण २०१९ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला आहे आणि रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा होतो, हे मी सांगितल्यावर किल्ल्या निमूट खुंटीला लागल्या. रिक्षाचे पैसे आम्ही बाटलीच्या खर्चातच धरतो.

आता कायद्याचं. आपल्या राज्यात अजूनही १९४९ चा दारूबंदी अधिनियमच लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे, 'दारूबंदी' मात्र कायम आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं बंदी हा नियम आणि पिणं हा अपवाद, आणि त्या अपवादासाठी परवाना. 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच आला. दुकानदार काउंटरच्या जाळीमागून परवाना मागत नाही म्हणून तो लागत नाही असं नव्हे. घरात बाटल्या ठेवायच्या तर तो काढून ठेवावा. जन्मभराच्या परवान्याची फीसुद्धा एका बऱ्या बाटलीहून कमी आहे, आणि किती बाळगता येईल याची मर्यादाही त्यातून कळते. वयाची अट पुष्कळांना ठाऊक नसते. बिअर आणि वाइनला एकवीस, पण रम, व्हिस्की, ब्रँडीला पंचवीस वर्षं पूर्ण. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. तो कर्ज काढू शकतो, लग्न करू शकतो, पण बापाच्या कपाटातली रम घेऊ शकत नाही.

पैशांचं आम्ही भिशीवर भागवतो. पाच जण, महिन्याला ठरलेली रक्कम, आणि ज्याची पाळी त्यानं त्या पैशांत एक बाटली स्वतःच्या कपाटासाठी आणायची. पाच महिन्यांनी प्रत्येकाकडे एकेक बरी बाटली वाढते आणि कुणाच्याही घरखर्चाला एकदम खड्डा पडत नाही. घाईनं सगळं कपाट एकाच दिवशी भरणाऱ्याला दुकानदार हमखास 'ऑफर'मधलं काहीतरी गळ्यात मारतो.

भाव वाढले आहेत हे खरंच. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे आपल्या क्वार्टरची, किमान किंमत त्या वेळी २०५ रुपये ठरली. त्याच निर्णयात धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या प्रकाराला १४८ रुपयांची पायरी मिळाली. कराचा हा डोंगर पाहिला की स्वस्तातल्या बाटलीत दारूसाठी आपण किती थोडे पैसे मोजतो ते लक्षात येतं. म्हणून माझा हिशेब साधा आहे. महिन्याला दोन हलक्या बाटल्या आणण्यापेक्षा दोन महिन्यांत एक चांगली आणावी. पिणं आपोआप चौथाईवर येतं, आणि आमच्या घरी या हिशेबाला लगेच मंजुरी मिळाली.

चांगली म्हणजे कोणती? आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर मद्यार्काचं प्रमाण ४२.८ टक्के छापलेलं असतं, स्वस्त असो की महाग. म्हणजे चढण्यासाठी जादा पैसे देण्यात काही अर्थ नाही, ते द्यायचे ते चवीसाठी. आणि चव कुठून येते ते लेबलावर बारीक अक्षरांत वाचायचं. आपल्या स्वस्त व्हिस्कीचा पाया बहुधा उसाच्या मळीपासून काढलेलं निर्गंध स्पिरिट असतं, त्यात थोडं माल्ट आणि बाकी रंग-गंध. उसाचीच चव घ्यायची तर मग सरळ रम घ्यावी, ती निदान आपलं कुळ लपवत नाही. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे, सात वर्षं मुरवलेली म्हणून विकली जाते, आणि या किमतीत इतकी प्रामाणिक बाटली दुसरी नाही असं माझं मत आहे. पहिली बाटली हीच.

दुसरी जिन. जिन मुरवावी लागत नाही, ज्युनिपरची फळं, धणे, लिंबूवर्गीय साली अशा वासांच्या वस्तूंबरोबर ती ऊर्ध्वपातित होते, त्यामुळे वर्षानुवर्षं पिंपात पैसा अडकत नाही. २०१७ मध्ये गोव्यातून 'ग्रेटर दॅन' आली आणि त्यानंतर बेताच्या भावात खरोखर चांगल्या देशी जिन मिळू लागल्या. तिच्यात टॉनिकऐवजी कोकमाचं आगळ, सोडा आणि चिमूटभर मीठ घालून पाहावं. सौ.ला मात्र या पेल्यातून जिन वगळून उरलेलं सगळं आवडतं, आणि शनिवारी ती तेच घेऊन आमच्यात बसते.

ब्रँडी तर मराठी घरात कायम होतीच, औषधांच्या कपाटात, सर्दीसाठी. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला महादेव डहाणूकरांनी १९३३ मध्ये साखर कारखाना काढला, त्याच घराण्याच्या कंपनीची मॅन्शन हाऊस ब्रँडी आज दक्षिणेत घरोघर माहीत आहे. ब्रँडी जरूर ठेवावी, पण औषध म्हणून नव्हे. तिनं अंगात ऊब आल्यासारखं वाटतं ते त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे, प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं. आणि तान्ह्या बाळाच्या ओठाला बोट लावण्याची जुनी रीत तर कायमची बंद व्हायला हवी.

व्हिस्की शेवटी, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथंच जातात. काटकसरीचा मार्ग म्हणजे स्कॉटलंडहून पिंपांतून आणून भारतात बाटलीत भरलेली स्कॉच. दारू तिथलीच, काच आणि प्रवास इथला, म्हणून भाव कमी. टीचर्स, व्हॅट ६९, हंड्रेड पायपर्स ही नावं त्यातलीच. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचवरचं दीडशे टक्के आयातशुल्क आधी पंच्याहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणायचं ठरलं, पण राज्याचे कर वेगळेच, तेव्हा हुरळून जाऊ नये. देशी सिंगल माल्टचा मान मोठा आहे. बंगळुरूची अमृत २००४ मध्ये थेट ग्लासगोत विकायला गेली. आपल्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की वर्षाला दहा टक्क्यांच्या वर उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के, त्यामुळे ती लवकर मुरते आणि महागही पडते. आमच्या भिशीत ती वर्षातून एकदा, दिवाळीला, पाचांच्या मिळून येते.

दोन मोह टाळावेत. एक गोव्याचा. तिथल्या भावानं डोळे फिरतात, पण गोव्यात विक्रीसाठीची बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, एकच असली तरी. दुसरा मोह निगडीकरांना अगदी दारात भेटतो. देहूरोडची छावणी शेजारीच, आणि प्रत्येकाला 'कँटीनची' मिळवून देणारा कुणीतरी ओळखीचा असतो. ती जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी करसवलतीत दिलेली असते. तिचा व्यापार आपल्या कपाटापर्यंत येऊ देऊ नये. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर आणता येतात, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला चॉकलेटांऐवजी काय आणायचं ते वेळेवर सांगावं.

बाटल्या ठेवायच्या त्या उन्हापासून दूर आणि उभ्या. वाइनची बुचाची बाटली आडवी ठेवतात म्हणजे बूच ओलं राहतं. व्हिस्की-रमची आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्क बूच खाऊन टाकतो. हे मी सांगत होतो तेव्हा सौ. हसली. तिच्या माहेरच्या भागात बायकांनी सह्या गोळा करून दारूदुकानाविरुद्ध मतदान मागितलं होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. "तिकडे मी आडवीवर शिक्का मारायला जाणार होते," ती म्हणाली, "आणि इकडे तुम्ही उभी कशी ठेवायची ते शिकवताय." मी कपाट पुसत राहिलो. याला उत्तर नव्हतं, आजही नाही. थोडीशी दारू प्रकृतीला बरी, हा आमच्या तरुणपणीचा दिलासाही आता उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की कुठलंच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही.

म्हणून कपाटातली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती विचाराल तर ते तीस मिलिलिटरचं स्टीलचं माप. एका खंब्यात अशी पंचवीस मापं. कुणी किती घेतली ते सौ. एका जुन्या डायरीत लिहिते, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. सुरुवातीला मित्र बिचकले, आता आपणहून आकडा सांगतात. एकाचा आकडा गेल्या पावसाळ्यात सारखा वाढत होता. तिनं डायरीचं ते पान मुकाट्यानं त्याच्यापुढे धरलं. तो तेव्हापासून कोकम-सोडा घेतो, भिशी मात्र सोडलेली नाही. त्याच्या पाळीची बाटली आम्ही वाटून घेतो आणि त्याला त्या रकमेचे काजू.

येत्या मार्चमध्ये मुलगा पंचवीस पूर्ण करेल. त्याचा परवाना काढायचा का, यावर घरात एकमत नाही. सौ. म्हणते, त्याचं त्याला मागू दे. त्यानं अजून मागितलेला नाही. परवा मात्र कपाटाच्या काचेवरची धूळ तोच पुसत होता.